पान त्रेचाळीसवरची हाक

गोष्टीतल्या पोराला धुक्यात गलबत दिसतं
आणि तो ओरडतो, अहॉय!
इंग्रजीत एवढंच आहे. पुढच्या ओळीत गलबत वळतं.
माझं मराठी मात्र मंगळवारपासून
तिथंच नांगर टाकून बसलंय.

कोशात दिलंय: खलाशांची हाक, जुनी.
‘जुनी’ म्हटलं की जणू काम झालं.
‘अहो’ लिहून पाहिलं.
मोठ्यानं वाचलं तर पोरगं भर धुक्यात
गलबताला चहा घेता का विचारत होतं.
‘अरे’ लिहिलं तर भांडण.
‘जहाज हो!’ लिहिलं तर कीर्तन.

रविवारी दिवाळ्याच्या जेट्टीवर गेले.
चांगुणाबाई कोलीम सुकवत होत्या.
लांबच्या होडीला काय म्हणून हाक मारता?
त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग खाडीकडे.
“नावानं. आणिक कशानं?”
आणि ओळखीचा नसेल तर?
“तं त्याला कशाला हाक मारू?”
वही कोरीच राहिली.
अर्धा किलो कोलीम घेऊन घरी आले.

सहाव्या मजल्यावरचे कासम तांडेल
एकवीस वर्षं जहाजावर होते, शेवटची नऊ सारंग म्हणून.
“बाय, हा शब्द मी फक्त सिनेमात ऐकला.
आमच्यात वर ओढा म्हणजे हबेस,
खाली सोडा म्हणजे आरया,
बाकीच्या सगळ्या शिव्या.
दुसऱ्या जहाजाला हाक रेडिओवरून.
त्याचं नाव तीनदा, मग आपलं, मग गप्प राहायचं.”
गप्प?
“तेच तर मुख्य.
हाक मारून तूच बोलत राहिलीस
तर समोरच्यानं जबाब ठेवायचा कुठे?”

बुधवारी संध्याकाळी अख्ख्या सेक्टरची वीज गेली.
मी लिफ्टमध्ये, चौथा आणि पाचवा यांच्या मधोमध.
एका हातात दुधाची पिशवी,
दुसऱ्यात एक टक्का उरलेला फोन. तोही गेला.
घंटीचं बटण मेलेलं.
काय ओरडायचं असतं अशा वेळी?
‘वाचवा’ फार होतं.
‘एक्स्क्यूज मी’ फारच कमी.
कुणाला नावानं हाक मारावी, तर
अकरा वर्षांत या इमारतीतली मला येणारी नावं पाच,
त्यांतली दोन कुत्र्यांची.

मग जे तोंडातून आलं
ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

ओऽऽऽ

ना कर्ता, ना क्रियापद.
होडीची नाळ असते तसं
टोकाला किंचित वर वळलेलं.
आणि मग मी गप्प राहिले.
दूध मनगटावर गार लागत होतं.
कुठेतरी पाणी ठिबकत होतं, की माझाच श्वास,
ते आता सांगता येणार नाही.

आणि वरून, अंधाऱ्या बोगद्याच्या
चारी भिंतींवर आपटत आपटत,

ओऽऽऽ

पाठोपाठ तांडेलांचा आवाज:
“माणसं किती?”
एकच!
“बसून घे, बाय. वॉचमन चावी आणतोय.
मी इथंच आहे.”
चावी यायला पाऊण तास लागला.
ते अधूनमधून नुसतं खाकरत राहिले,
मला ऐकू जाईल एवढं.
दार हातभर फाकलं, दोन खरबरीत हात खाली आले,
आणि साऱ्या मजल्याला दणाणून सांगणारं
“हबेस!”

पान त्रेचाळीसवर आता ‘ओऽऽऽ’ आहे.
त्याखाली मी एक ओळ मोकळी सोडलीय.
संपादकांनी समासात पेन्सिलीनं विचारलंय,
‘शब्दाचा अर्थ लागत नाही.
आणि इथली ओळ कुठे गेली? गाळली का?’

मी कळवलंय, गाळलेली नाही.
तिथं गलबत वळतंय.